शिष्यवृत्तीची रक्कम कोठे थांबते

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील एका सायंकाळी, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतील पहिली पाळी सुटून माणसे आपापल्या घरी परतली होती अशा सुमारास, आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ मुलीला बरोबर घेऊन माझ्याकडे आले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले चार कागद त्यांनी माझ्या मेजावर एकाशेजारी एक असे मांडले. गृहस्थ मूळचे जालना जिल्ह्यातले. येथील एका रासायनिक कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली अकरा वर्षे काम करीत आलेले. मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर तिचे शिक्षण चाललेले. पहिला कागद महाविद्यालयाच्या नोटिशीचा होता: फीपोटी ५४,००० रुपये येणे बाकी असून सात दिवसांत भरणा न झाल्यास परीक्षेचे हॉल तिकीट दिले जाणार नाही. दुसरा कागद महाडीबीटी पोर्टलवरील तिच्या अर्जाच्या स्थितीचा, आणि त्यात दोन्ही हप्त्यांसमोर निधी वितरित झाल्याचा शेरा. तिसरे बँकेचे पासबुक, ज्यात जानेवारीनंतर एकही मोठी जमा दिसत नव्हती. चौथी, जानेवारीत महाविद्यालयात भरलेल्या ३८,८०० रुपयांची पावती.

"काका," मुलगी म्हणाली, "सरकार म्हणतं पैसे दिले, बँक म्हणते आले नाहीत, आणि कॉलेजातले म्हणतात तुम्हीच खर्चून बसलात. यात खोटं कोण बोलतंय?"

नोकरीची तीस वर्षे कोषागारात, परक्या पैशाच्या जमाखर्चाची रुजवात घालण्यात गेल्यामुळे मला एवढे पक्के ठाऊक होते की तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नसणे अगदी शक्य आहे. कारण सरकारी रक्कम जेव्हा एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जाते तेव्हा प्रत्येक दप्तर केवळ आपल्या वहीपुरतेच पाहते, आणि दोन वह्यांच्या मधली जी जागा, तिची नोंद कोणाच्याच वहीत नसते. अशी रक्कम सहसा नाहीशी होत नाही. ती कोठे तरी थांबलेली असते. ती कोणत्या मेजावर, कोणत्या रकान्यात थांबली आहे हे शोधणे हे खरे काम; आणि ते काम आज त्या व्यक्तीच्या माथी येते जिला या साऱ्या दप्तरांतील एकही वही उघडून पाहण्याचा अधिकार नाही. वीस वर्षांच्या मुलीने, जिची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे, हे ओझे वाहावे हे मला त्या दिवशीही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते. म्हणूनच या रकमेचा मार्ग एकदा सावकाशीने समजावून सांगावा, असे मनात आले.

पूर्वी हा मार्ग वेगळा होता. विद्यार्थी कागदी अर्ज महाविद्यालयात देई, महाविद्यालय अर्जांचा गठ्ठा समाजकल्याण खात्याकडे पाठवी, आणि मंजूर झालेली फीची रक्कम खात्याकडून एकगठ्ठा संस्थेच्या खात्यात जमा होई. या पद्धतीत विद्यार्थ्याला धावपळ कमी असे. परंतु कागदावरच्या विद्यार्थ्यांच्या नावाने खरी रक्कम उचलण्याची सोयही तीत होती, आणि काही संस्थांनी ती सोय इतकी वापरली की २०१६ साली राज्य सरकारला त्या अपहारांच्या चौकशीसाठी विशेष कार्यदल नेमावे लागले. त्यानंतर २०१७ पासून लाभाची रक्कम थेट लाभार्थ्याच्या हाती पोहोचावी या हेतूने महाडीबीटी हे पोर्टल आले. पहिल्याच वर्षी ते इतके अडखळले की पुन्हा कागदी अर्ज घेऊन संस्थांना काही रक्कम आगाऊ देण्याची पाळी सरकारवर आली. पुढे मात्र ते रुळले. हेतू शुद्ध होता आणि अपहाराला त्याने आळा घातला हेही मान्य केले पाहिजे. परंतु मधले हात काढून टाकले म्हणजे मधली मेजे नाहीशी होतात असे नाही, ती केवळ दिसेनाशी होतात.

ती मेजे मोजून पाहावीत. पहिले मेज तहसील कचेरीतले: उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रात अर्ज करून मिळतो, पण त्यावर अंमल तहसीलदाराचा. या शिष्यवृत्तीसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न २ लाख ५० हजारांच्या आत असावे लागते. त्याहून अधिक असल्यास निराळी फ्रीशिप योजना आहे, आणि दोहोंचे अर्ज वेगळे आहेत. दुसरे मेज महाविद्यालयातल्या कारकुनाचे, जो आपल्या लॉगिनमधून अर्जाची छाननी करतो, तिसरे प्राचार्यांचे, चौथे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांचे. तेथून मंजुरी झाल्यावर देयक तयार होते, अर्थसंकल्पात तरतूद असेल तर रक्कम निघते, आणि आधार क्रमांकाच्या आधारे ती बँकेत पोहोचते. यांपैकी कोणत्याही मेजावरून अर्ज त्रुटीसाठी मागे येऊ शकतो, आणि मागे आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठविला नाही तर तो तेथेच पडून राहतो.

येथे तळोज्याच्या रहिवाशांना एक विशेष अडचण आहे. आमचा पत्ता लोक नवी मुंबईचा सांगतात. महानगरपालिका पनवेलची, २०१६ च्या ऑक्टोबरात स्थापन झालेली. तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड. परंतु पेंधरला मेट्रोत बसून बेलापूरला उतरावे, की त्या अकरा किलोमीटरांच्या प्रवासात आपण रायगड सोडून ठाणे जिल्ह्यात आलेले असतो. मुलीचे महाविद्यालय ठाणे जिल्ह्यात. तिचा उत्पन्नाचा दाखला पनवेलचा, पण तिच्या अर्जाची छाननी महाविद्यालय ज्या जिल्ह्यात त्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात होणार. हे कोणी न सांगितल्यामुळे तिच्या वडिलांनी एक दिवसाची मजुरी बुडवून पेण-वडखळ मार्गे अलिबाग गाठले होते, आणि तेथील कारकुनाने अर्ज क्रमांक पाहून "हे आमच्याकडचं नाही" एवढे सांगून त्यांना परत पाठविले होते. कारकुनाचे बोलणे खरे होते. पण त्या खऱ्या बोलण्यासाठी माणसाचा एक दिवस आणि येण्याजाण्याचे भाडे गेले.

आता या शिष्यवृत्तीचे अंतरंग पाहू. कारण मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथे आहे. ही योजना १९४४ पासून चालत आली आहे, आणि तिच्या मुळाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रयत्न आहे: व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना १९४२ साली त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सरकारपुढे ठेवले, त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी द्रव्याची मागणी होती. शिष्यवृत्तीची मुदत आणि रक्कम यांवर माणसाचे आयुष्य कसे टांगलेले असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची वृत्ती तीन वर्षांच्या मुदतीने दिली, आणि पुढे ती वृत्ती संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तो अभ्यास पुन्हा सुरू करण्यास १९२० साल उजाडले. त्याही आधी, १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांची पद्धतच सदोष असल्याचे सांगितले होते: ज्यांना विद्येची गोडी अगोदरच लागली आहे त्यांच्याच वाट्याला त्या जातात, आणि ज्यांच्यात शिक्षण पोहोचलेच नाही ते वर्ग कोरडे राहतात, ही त्यांची तक्रार होती. एवढ्या परंपरेतून जी रक्कम या मुलीच्या वाट्याला आली, ती एका रकान्याच्या घोटाळ्यापायी अडावी याचा खेद म्हणून अधिकच वाटतो.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने या योजनेची फेररचना केली आणि खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा व ४० टक्के राज्याचा असे प्रमाण ठरविले. राज्याने आपला वाटा आधी द्यायचा, आणि तो दिल्याची खातरजमा झाल्यावर केंद्राने आपला वाटा विद्यार्थ्याच्या आधारसंलग्न खात्यात थेट सोडायचा, अशी ही व्यवस्था. त्यामुळे एकच शिष्यवृत्ती दोन सरकारांकडून, दोन वेळी, दोन तुकड्यांत येते. आणि दोहोंमध्ये काही महिन्यांचे अंतर सहज पडते. त्याशिवाय रकमेचे घटकही दोन. एक, संस्थेला देय असलेली फी. दुसरा, विद्यार्थ्याचा स्वतःचा शैक्षणिक भत्ता, जो व्यावसायिक पदवीच्या गटात वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० आणि घरून येणाऱ्यास ७,००० रुपये असा आहे. फी विद्यार्थ्याच्या खात्यात आली तरी ती त्याची नव्हे; ठरलेल्या दिवसांत ती संस्थेत भरावयाची असते. भत्ता मात्र त्याचाच.

मी मुलीला कागद-पेन्सिल दिली आणि हिशेब तिच्याच हातून मांडून घेतला. फी ९०,०००, भत्ता ७,०००, एकूण ९७,०००. याचे ४० टक्के ३८,८००, आणि पासबुकात जानेवारीची जमा नेमकी तेवढीच. ती सारी रक्कम तिने इमानाने महाविद्यालयात भरली होती; त्यातला २,८०० रुपयांचा भत्त्याचा भाग आपला आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणजे राहिलेली फी किती? ९०,००० वजा ३८,८००, म्हणजे ५१,२००. आणि नोटीस होती ५४,००० ची. दोहोंतला फरक २,८००.

तो आकडा कागदावर उमटताच मुलीने मान वर केली. "काका, हे तर भत्त्याचेच पैसे."

होते खरे तसेच. महाविद्यालयाच्या लेखा शाखेत तिच्या नावावर केवळ फीचा ४० टक्के भाग, म्हणजे ३६,०००, जमा धरला गेला होता. वरचे २,८०० यादीशी जुळेनात म्हणून ते कारकुनाने उचंत, म्हणजे धनी न ठरलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात टाकले होते, आणि उचंत खात्यातील रकमेचे नेहमी जे होते तेच तिचे झाले: ती कोणाच्याही नावावर चढली नाही. ज्याला दप्तराची सवय आहे त्याला हे नवे नाही. चुकीचा आकडा हा पुष्कळदा आपला उगम स्वतःच सांगतो. फरक नऊने भागला जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असावी, फरक एखाद्या रकमेच्या दुप्पट असेल तर जमेची ती रक्कम नावे पडली असावी, आणि फरक एखाद्या घटकाच्या नेमक्या टक्क्याइतका असेल तर तो घटकच कोठे तरी गळला किंवा अडकला असावा, असा तर्क करता येतो. म्हणून भांडण्यापूर्वी वजाबाकी करावी, कारकुनापुढे "तुमचं चुकलंय" असे म्हणण्यापेक्षा "हे २,८०० कोणत्या खाती आहेत?" असे विचारले की त्याला वही उघडावीच लागते.

परंतु मोठा प्रश्न केंद्राच्या ६० टक्क्यांचा, म्हणजे ५८,२०० रुपयांचा होता, आणि त्याचे उत्तर आणखी एका दिसेनाशा मेजावर होते. बहुतेक विद्यार्थी आणि त्यांचे पालक असे समजून चालतात की अर्जात जो खाते क्रमांक लिहिला त्याच खात्यात रक्कम येणार. तसे होत नाही. आधारवर आधारलेल्या या पद्धतीत रक्कम खाते क्रमांकाकडे न जाता आधार क्रमांकाकडे जाते. आणि राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदवहीत त्या आधार क्रमांकासमोर ज्या बँकेचे नाव असेल त्या बँकेकडे वळते. या नोंदवहीत एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते, आणि नवी बँक आली की जुनी आपोआप पुसली जाते. नवे खाते उघडताना, कधी नवे सिमकार्ड घेताना सुद्धा, अंगठा उमटविण्यापूर्वी जी संमती विचारली जाते ती वाचण्याइतका वेळ दुकानात कोणाजवळ असतो? २०१७ साली एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेने ग्राहकांच्या नकळत अशीच खाती उघडली आणि लक्षावधी कुटुंबांचे गॅसचे अनुदान तिकडे वळले, तेव्हा आधार प्राधिकरणाला त्या कंपनीचा पडताळणीचा परवाना स्थगित करावा लागला होता. तरीही आपले आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे हे वर्षातून एकदा पाहण्याची सवय अजून आपल्याकडे रुजलेली नाही.

मुलीने तेथेच आपल्या मोबाइलवर आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बँक-जोडणीची स्थिती उघडली. तेथे तिच्या नेहमीच्या बँकेचे नाव नव्हते. दुसऱ्याच एका बँकेचे होते, आणि खाली जोडणीची तारीख फेब्रुवारीतली. थोडा विचार केल्यावर तिला आठवले: फेब्रुवारीत बाजारातल्या एका ग्राहक सेवा केंद्रात आईच्या औषधांसाठी मामाने पाठविलेले पैसे घेण्यास ती गेली होती, आणि शून्य शिलकीचे खाते आहे, घेऊन ठेवा, असे सांगून केंद्रचालकाने तिचे खाते उघडून दिले होते. राज्याचा हप्ता जानेवारीत आला तो जुन्या बँकेत. मध्ये फेब्रुवारीत नोंद बदलली. केंद्राचा हप्ता एप्रिलमध्ये निघाला तो नव्या बँकेत गेला. सरकारने दिले हे खरे, जुन्या बँकेत आले नाहीत हे खरे, महाविद्यालयास मिळाले नाहीत हेही खरे. ५८,२०० रुपये तळोज्याच्या बाजारपेठेतील त्या खात्यात महिनाभर बिनबोभाट पडून होते.

सर्वच प्रकरणे एवढ्यावर सुटत नाहीत. कोठे अर्जातील नाव व आधारवरील नाव यांचा मेळ बसत नाही; आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि इंग्रजी लिपीत त्याच नावाची दोन वर्णलेखने, हा प्रकार घरोघरी आहे. कोठे घरून येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे वसतिगृहनिवासी अशी खूण पडते आणि ६,५०० रुपये जास्त जमा होतात. कोठे खुद्द अभ्यासक्रमाची मंजूर फीच पोर्टलवर चुकीची चढलेली असते, आणि मग त्या वर्गातील प्रत्येकाची रक्कम एकाच प्रमाणात चुकते. अशा वेळी एकट्याने धावण्यापेक्षा चार सहाध्यायांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले तर चूक व्यक्तीची की यादीची हे लगेच उमगते. कोठे नियमच बदललेला असतो आणि वही जुनी असते: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची पूर्ण माफी मिळाली, तरी पूर्वीच्या ५० टक्क्यांच्या हिशेबाने अर्धी फी मागितल्याच्या तक्रारी त्या वर्षी पुष्कळ पालकांनी केल्या. आणि पोर्टलवर लाभ स्वेच्छेने सोडण्याचे, 'राइट टू गिव्ह अप' नावाचे जे बटण आहे, ते पुढे जाण्याचे बटण समजून काही विद्यार्थ्यांनी दाबले आहे. तसे झाले तर घाबरून नवा अर्ज करण्याच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी महाविद्यालयास लेखी कळवून, प्राचार्यांमार्फत समाजकल्याण कार्यालयाकडे अर्ज पूर्ववत करण्याची मागणी करावी.

जास्त आलेल्या रकमेविषयी दोन शब्द वेगळे बोलले पाहिजेत. कारण कमी आले तर माणूस धावतो, जास्त आले तर गप्प राहतो, आणि तेच पुढे त्याला भोवते. लेखापरीक्षणात अशी रक्कम वर्षा-दोन वर्षांनी निघते, वसुलीची नोटीस येते, आणि तोवर ती खर्च झालेली असते. म्हणून ती ध्यानात येताच लेखी कळवावे आणि परत करावयाची तर कार्यालय ज्या लेखाशीर्षाखाली सांगेल त्याखालीच भरून चलनाची प्रत ठेवावी. कारकुनाच्या हाती रोख रक्कम कदापि देऊ नये.

आणि लेखी हाच या साऱ्या व्यवहाराचा प्राण आहे. तोंडी विनवण्यांची कोठेही आवक होत नाही. अर्ज दोन प्रतींत करावा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. अर्जात आपली हकीकत चार ओळींत, पोर्टलवरील अर्ज क्रमांकासह, आणि शेवटी एकच नेमका प्रश्न. महाविद्यालयाने दाद दिली नाही तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे, आणि शिष्यवृत्ती न मिळणे वा तिला विलंब होणे ही त्या विनियमांच्या दृष्टीने तक्रारच आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा. समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते, आणि लोकपालाने ३० दिवसांत ते निकाली काढावे अशी अपेक्षा आहे. फीच्या बाकीपायी मूळ गुणपत्रिका अडवून ठेवण्यासही आयोगाने २०१८ मध्ये मनाई केली आहे. खाजगी महाविद्यालय माहितीच्या अधिकाराखाली येते की नाही यावर वाद घालील. परंतु समाजकल्याण कार्यालय निःसंशय येते, आणि १० रुपयांच्या शुल्कावर ३० दिवसांत "माझ्या अर्जाचे देयक कोणत्या तारखेस निघाले आणि ते कोणत्या बँकेकडे गेले" याचे उत्तर तेथून मागता येते. मात्र मार्चअखेर जवळ असेल तर तीस दिवसही थांबू नये. वर्षाची तरतूद ३१ मार्चला संपते, आणि तोवर न निघालेल्या देयकाला पुढील वर्षाच्या तरतुदीची वाट पाहावी लागते.

मोठी, श्रीमंत राष्ट्रेही या बाबतीत निर्दोष नाहीत. अमेरिकेत केंद्रीय शैक्षणिक साहाय्याचा नवा सुटसुटीत अर्ज २०२३ च्या डिसेंबरअखेरीस खुला झाला, आणि पुढील मार्चमध्ये तेथील शिक्षण खात्याला जाहीर करावे लागले की गणिताच्या सूत्रात विद्यार्थ्यांच्या मालमत्तेचा एक रकाना धरलाच न गेल्यामुळे सुमारे २ लाख नोंदी चुकल्या आहेत. ऑस्ट्रेलियात त्याहून भीषण घडले. २०१५ नंतर तेथील सरकारने भत्ता घेणाऱ्यांचे वार्षिक उत्पन्न २६ पंधरवड्यांत सारखे विभागून, त्या सरासरीवरून जास्त दिलेल्या भत्त्याची वसुली यंत्राकरवी सुरू केली. सुटीत काम करून मिळविणारे आणि शिकण्याच्या काळात काहीच न मिळविणारे विद्यार्थी त्या सरासरीत विनाकारण ऋणको ठरले. चूक नसल्याचा पुरावा त्यांनीच आणावा असे सांगितले गेले. ती वसुली बेकायदा ठरून रकमा परत कराव्या लागल्या, आणि २०२३ साली शाही आयोगाने त्या सर्व कारभाराचे वाभाडे काढले. मला त्यातली लक्षात राहणारी गोष्ट ही, की तेथेही चूक दप्तराची आणि ती शोधण्याचे ओझे माणसाच्या डोक्यावर, हेच घडले. नोटीस पाठविण्यापूर्वी महाविद्यालयाने आपली उचंत खात्याची वही एकदा चाळली असती, आणि वितरित असा शेरा मारणाऱ्या पोर्टलने त्यापुढे बँकेचे नाव ठळकपणे छापले असते, तर या मुलीच्या घरात एक महिनाभर जे वातावरण होते ते झाले नसते. या दोन सुधारणांना एक रुपयाचाही अधिक खर्च नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी वडिलांनी दुसरी पाळी मागून घेतली आणि सकाळीच तिघे त्या बँकेच्या पनवेलच्या शाखेत गेलो, कारण ग्राहक सेवा केंद्रातून एवढी रक्कम एका वेळी निघत नाही. पासबुक छापून घेतले. ५८,२०० ची जमा एप्रिलच्या तारखेने त्यात होती. वडिलांनी ती ओळ बोटाने दोनदा वाचली. तेथून बेलापूरमार्गे महाविद्यालय. मुलीने अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला होता, शेवटी एकच प्रश्न: १२ जानेवारीच्या पावतीतील ३८,८०० पैकी २,८०० रुपये कोणत्या खाती जमा आहेत? लेखा शाखेतल्या बाईंनी प्रथम नोटिशीकडे बोट दाखविले, मग पावतीकडे पाहिले, आणि मग उठून कपाटातील वही काढली. वीस मिनिटांत नोंद सापडली. त्यांनी ती तिच्या नावे वळती केली, लाल शाईने दुरुस्ती करून पुढे आद्याक्षरी सही केली, आणि "आधीच विचारायचं होतंस गं" असे म्हणाल्या. मुलीने आधी तीन वेळा विचारले होते. पण त्या वेळी तिच्याजवळ आकडा नव्हता.

हॉल तिकीट त्याच दुपारी मिळाले. जुन्या बँकेत आधार-जोडणीचा संमतिपत्रक अर्ज देऊन त्याची पोच घेतली, आणि चार दिवसांनी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पुन्हा जुन्या बँकेचे नाव दिसू लागले. ५८,२०० मधून ५१,२०० महाविद्यालयात भरल्यावर तिच्या खात्यात बरोबर ७,००० रुपये राहिले. म्हणजे जानेवारीत अजाणता फीत गेलेल्या २,८०० सह भत्त्याचा सारा पैसा तिच्याकडे परत आला. वडिलांनी त्यातला एकही रुपया घरखर्चाला घेतला नाही. शेवटच्या वर्षाची पुस्तके आणि पेंधर ते बेलापूरचे रोजचे भाडे यांसाठी तो वेगळा ठेवला आहे.